दिल्ली दुसऱ्यांदा: पाहिलेल्या जागांच्या शेजारची न पाहिलेली दिल्ली

लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट, लोटस टेंपल, अक्षरधाम. मराठी घरातली दिल्लीची पहिली सहल साधारण याच वाटेने जाते, आणि जावीही. प्रश्न येतो दुसऱ्या खेपेला. भाचीचं लग्न असतं, मुलीची मुलाखत असते, बदली होऊन तिकडे गेलेला भाऊ "या की चार दिवस" म्हणत असतो. तिकिटं काढून होतात आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, "दिल्ली तर बघून झाली, आता तिथे करायचं काय?"

कमी माहितीच्या जागांच्या याद्या भरपूर मिळतात. अडचण अशी की यादीतली एक जागा उत्तरेच्या टोकाला, दुसरी दक्षिणेच्या. मुलं आणि आजी-आजोबा सोबत असले की अर्धा दिवस रस्त्यावरच संपतो. म्हणून इथे एक पद्धत सांगतो: पहिल्या खेपेला जे पाहिलंत, त्याच्या शेजारी जा.

ही पद्धत दिल्लीत चालते याला कारण आहे. इथे राजधानी पुन्हा पुन्हा वसवली गेली. मेहरौली, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, शाहजहानाबाद आणि शेवटी इंग्रजांची नवी दिल्ली, सगळं एकमेकांपासून थोड्या अंतरावर. प्रत्येक वस्तीत मशिदी, विहिरी, कबरी, सराया, बागा होत्या. पुढे त्यातल्या एखाद-दुसऱ्या वास्तूभोवती कुंपण आलं, तिकीटखिडकी आली, बसेस थांबू लागल्या. बाकीचं तिथेच राहिलं, गल्लीत, वसाहतीत, सरकारी बागेत. कुतुबमिनारच्या कुंपणाबाहेर जेवढं पाहण्यासारखं आहे, तेवढं कित्येक शहरांत मिळूनही नसेल.

पायरी पहिली: घरात बसून उजळणी

निघण्याआधी एखाद्या संध्याकाळी जुन्या सहलीचे फोटो काढा आणि प्रत्येकाला एकच विचारा: तुला काय आठवतंय? उत्तरं नीट ऐका, कारण बेत त्यावरच ठरतो. पहिल्या वेळी कडेवर असलेला मुलगा आता शाळेत बाबर-अकबर शिकत असतो. आजोबांना पानिपत तोंडपाठ असतं. आजींच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. कुणाला फक्त पराठे आठवतात, तेही लिहून ठेवा.

मग प्रत्येकाला एक अर्धा दिवस द्या. तो अर्धा दिवस त्या माणसाचा, बाकीच्यांनी कुरकुर न करता सोबत जायचं. यातून बेत आपोआप हलका राहतो, आणि घरातल्या एकाच उत्साही माणसामागे बाकीच्यांची फरपट होत नाही.

पायरी दुसरी: नकाशावर एक किलोमीटर

मोबाइलवर नकाशा उघडा. आधी पाहिलेल्या जागेवर बोट ठेवा आणि तिच्याभोवती साधारण एक किलोमीटरचा परिसर मोठा करून बघा. हिरवे पट्टे शोधा. नावांमध्ये बावली (म्हणजे पायऱ्यांची विहीर), गुंबद, बुर्ज, सराय, कोटला, हौज, दरवाजा, मकबरा असं काही दिसलं तर तिथे जुनं काहीतरी असण्याची शक्यता मोठी. फोटो पाहा, पण लोकांनी दिलेल्या तारकांवर फार जाऊ नका. तिथे खाऊ मिळाला नाही म्हणूनही लोक तारका कापतात.

ही पायरी प्रत्यक्षात कशी वापरायची ते दाखवायला मेहरौलीचा परिसर सविस्तर सांगतो. दुसऱ्या खेपेला एकच दिवस मोकळा मिळाला, तर तो मी इथे घालवायला सांगेन.

कुतुबमिनारला लागूनच मेहरौली पुरातत्त्व उद्यान आहे. प्रवेश विनामूल्य. यलो लाइनच्या कुतुबमिनार स्थानकावर उतरून ऑटोने पाच-दहा मिनिटांत पोहोचता. सकाळी लवकर आलात तर मोर ऐकू येतात.

आत शिरण्याआधी मुलांना एक काम द्या. कुतुबच्या आवारात, लोहस्तंभाच्या मागे उंच कमानींची जी भिंत आहे, ती त्यांना आठवत असेल. नसेल तर फोटोत दाखवा. त्या कमानीतले दगड आडव्या थरांत रचलेले आहेत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला. आकार कमानीचा, पण बांधणी देवळाच्या कारागिरांची. आता उद्यानातल्या बल्बनच्या कबरीपाशी या. दिल्लीचा हा सुलतान १२८७ मध्ये वारला. ही वास्तू पडकी आहे, रंग उडालेला, घुमट गेलेला, तिच्यासाठी सहसा कुणी थांबत नाही. पण तिच्या कमानीतले दगड पाचरीसारखे कापून मध्याकडे कलते बसवले आहेत, आणि तेच एकमेकांना तोलून धरतात. भारतात आज उभी असलेली अशी पहिली खरी कमान म्हणून ती ओळखली जाते. दोन्ही कमानींमध्ये अंतर शंभरेक वर्षांचं आणि चालायला थोडीशी वाट. सांध्यांच्या रेषा कुठे वळतात ते दहा वर्षांच्या मुलालाही दिसतं, आणि एकदा दिसलं की पुढे दिल्लीभर तो प्रत्येक कमानीखाली थांबून मान वर करतो.

तिथून जमाली-कमालीची मशीद आणि कबर. जमाली हे शेख फजलुल्लाह या सूफी कवीचं टोपणनाव; लोदींच्या काळात आणि पुढे बाबर-हुमायूनच्या दरबारात त्याला मान होता. शेजारी पहुडलेला कमाली कोण, हे इतिहासाला ठाऊक नाही. कबरीची खोली बहुधा कुलूपबंद असते. रखवालदार आसपास असेल तर नम्रपणे विचारा, उघडली तर आतलं निळं-तांबडं नक्षीकाम पाहायला मिळतं. नाही उघडली तरी मशिदीचं आवार शांत आहे, आजी-आजोबांना बसायला बरं.

पुढे राजों की बावली, १५०६ ची, सिकंदर लोदीच्या काळातली. कॅनॉट प्लेसजवळची अग्रसेन की बावली हल्ली सगळ्यांना माहीत झाली आहे, दुपारी तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग असते. मला विचाराल तर राजों की बावली तिच्याहून सुंदर आहे: रुंद पायऱ्या, तिन्ही बाजूंनी कमानदार ओवऱ्या, आणि खाली उतरताना जाणवणारा गारवा. मात्र पायऱ्यांना कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका, आणि खाली जायला अडवलेलं असेल तर वाद घालू नका.

पाय अजून चालत असतील तर उद्यानातून मेहरौली गावात निघा. बस स्थानकाजवळ उंचावर अधमखानाची अष्टकोनी कबर आहे. अकबराचा हा दूधभाऊ. त्याने १५६२ मध्ये वजिराचा खून केला आणि अकबराने त्याला आग्र्याच्या तटावरून खाली फेकवलं. गावात आणखी आत जफर महाल. शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर इथे पावसाळ्यात येऊन राहायचा. लगतच्या आवारात मोगलांच्या कबरी आहेत आणि त्यांच्यामध्ये एक जागा रिकामी आहे. ती जफरने स्वतःसाठी ठेवली होती. तो १८६२ मध्ये रंगूनला कैदेत वारला. त्याच रांगेत दुसरा शाहआलम आहे. १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी ज्याला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं, तोच हा. पाटीलबाबांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आजोबांना इथे अवश्य न्या.

पायरी तिसरी: एका दिवसाला एक धागा

शेजार शोधून झाला की त्यातल्या जागा कशाने तरी जोडा. धागा असला की मुलं कंटाळत नाहीत, कारण पुढच्या जागी काय शोधायचं ते त्यांना ठाऊक असतं. काही धागे सुचवतो. यातले निम्मे आपल्याच इतिहासातून दिल्लीला पोहोचतात, म्हणून आपल्याला ते पकडायला सोपे जातात.

*रहीम आणि सफदरजंग.* हुमायूनची कबर पाहिली असेलच. तिच्याच आवारात, शिरताना उजव्या हाताला इसाखानाची अष्टकोनी कबर आहे, हुमायूनच्या कबरीहून जुनी, १५४७ ची. पहिल्या वेळी बहुतेकांची ती घाईत सुटते. २०२४ मध्ये इथे जमिनीखाली नवं संग्रहालय उघडलं आहे; उन्हात तासभर घालवायला उत्तम. मग मथुरा रोडने थोडं दक्षिणेला अब्दुल रहीम खानखानानची कबर. शाळेत दोहे शिकवलेले असतात तेच हे रहीम. त्यांनी ही वास्तू पत्नीसाठी १५९८ मध्ये बांधवली आणि पुढे तेही इथेच विसावले. दोह्यांतून भेटलेला हा कवी चांदबीबीच्या अहमदनगरवर चालून आलेल्या मोगल फौजेत सेनापती होता, हे मुलांना इथे सांगा.

या कबरीच्या घुमटाकडे नीट पाहा. त्यावरचा संगमरवर बराचसा गेलेला आहे. तो काढून नेऊन सफदरजंगच्या कबरीला वापरला असं मानलं जातं. म्हणून यानंतर थेट सफदरजंगच्या कबरीवर जा, जोरबाग मेट्रोजवळ. हा अवधचा नवाब आणि मोगलांचा वजीर. याच्याच पुढाकाराने १७५२ मध्ये मराठ्यांशी करार झाला आणि बादशाहीच्या रक्षणाचा भार शिंदे-होळकरांवर आला. पानिपतच्या वाटेवरचं हे एक मोठं वळण. ही कबर त्याच्या मुलाने, शुजाउद्दौल्याने बांधवली, आणि तोच शुजा १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा होता. हिरवळीवर बसून ही गोष्ट सांगायला अर्धा तास पुरतो.

तिथून चालत किंवा ऑटोने लोधी कॉलनीत जा. सरकारी घरांच्या उंच भिंतींवर देशोदेशीच्या चित्रकारांनी काढलेली पन्नासहून जास्त भित्तिचित्रं आहेत. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. लोक तिथे राहतात एवढं मात्र भान ठेवा आणि खिडक्यांसमोर गलका करू नका.

*तुघलकांची दिल्ली.* दौलताबादचा किल्ला चढलेल्या प्रत्येक मुलाला महंमद तुघलक ठाऊक असतो. ज्या शहरातून त्याने लोकांना देवगिरीकडे हलवलं, ते शहर पाहायला मालवीय नगर मेट्रोवर उतरा. साकेतच्या मोठ्या मॉलसमोरच्या खिडकी गावात, घरांच्या गर्दीत दडलेली खिडकी मशीद आहे. ती फिरोजशहा तुघलकाच्या काळातली. बाहेरून ती किल्ल्यासारखी दिसते, आत दगडी जाळ्यांतून कवडसे येतात. वरून पाहिली तर पंचवीस चौकांचा पट: चार चौक उघडे, बारांवर सपाट छत, आणि नवांवर प्रत्येकी नऊ छोटे घुमट. एकूण घुमट किती, हा हिशेब मुलांना जागेवर करू द्या. २०१८ मध्ये डागडुजी चालू असताना इथे २५४ तांब्याची नाणी सापडली. थोडंसं चाललं की सतपुला: महंमद तुघलकाने बांधवलेलं पाणी अडवण्याचं काम, मधल्या सात कमानींवरून नाव पडलेलं. दरवाजे वर-खाली करायच्या खाचा दगडात अजून दिसतात. धरणांच्या मुलखातून आलेल्या माणसाला त्या खाचांपाशी थांबावंसं वाटतंच.

तुघलकाबादचा किल्ला याच धाग्यातला, पण वेगळ्या दिवशी. तो गियासुद्दीन तुघलकाचा. हजरत निजामुद्दीन औलियांशी त्याचं बिनसलं होतं. बंगालच्या स्वारीवरून परतणाऱ्या सुलतानाबद्दल ते "हनूज दिल्ली दूर अस्त" (दिल्ली अजून दूर आहे) म्हणाले असं सांगतात, आणि तो खरंच दिल्लीबाहेर मंडप कोसळून मेला, १३२५ साली. औलियाही त्याच वर्षी गेले. किल्ला ओस पडला, दर्गा आजही रोज भरलेला आहे. सकाळी किल्ला आणि संध्याकाळी दर्गा असा दिवस ठेवा. किल्ल्यावर सावली नाही, खडी वाट आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना रस्त्यापलीकडच्या गियासुद्दीनच्या कबरीत बसवा. ती छोटी, नेटकी आणि थंड आहे.

*आपल्या माणसांच्या खुणा.* इथे आधीच सांगतो: मराठ्यांच्या दिल्लीत डोळ्यांना दिसणारं थोडं आहे, जाणून घेण्यासारखं पुष्कळ. १७३७ मध्ये पहिले बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर आले. फौज आधी कालिकादेवीच्या परिसरात उतरली, आणि चकमक तालकटोऱ्याजवळ झाली. आज तिथे बाग आणि स्टेडियम आहे. २०२५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच तालकटोरा स्टेडियममध्ये. मुद्दाम तासभर घालवण्यासारखं काही नाही, पण राष्ट्रपती भवनाच्या बाजूला जात असाल तर बागेत वीस मिनिटं थांबा. लाल किल्ल्यात पुन्हा जाणार असाल तर दिवाण-ए-खासमध्ये छताकडे बघा. इथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढवलं, पानिपतच्या मोहिमेत फौजेचा खर्च भागेना म्हणून.

यातली सर्वांत अनपेक्षित खूण उत्तरेच्या टेकडीवर आहे, ज्याला दिल्लीकर रिज म्हणतात. तिथलं मोठं सरकारी रुग्णालय हिंदूराव या नावाने चालतं. हा हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. त्याचा वाडा इथे होता, आणि १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांची सर्वांत पुढची चौकी त्याच वाड्यात होती. रुग्णालयाजवळ रस्त्याच्या कडेला अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहाने तो मेरठहून आणला. पुढे बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि नंतर ते जोडून तो उभा केला. जवळ गेलात तर सांधे स्पष्ट दिसतात. त्याच टेकडीवर इंग्रजांनी आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी बांधलेलं लाल दगडी स्मारक आहे, आता त्याला अजितगड म्हणतात.

टेकडीवरून खाली सिव्हिल लाइन्समध्ये २६, अलीपूर रोड. मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर या जागी राहायचे, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. चैत्यभूमीवर आपण जातो, दीक्षाभूमीवर जातो. या पत्त्यावर मात्र दिल्लीत येऊनही फार थोडी मराठी कुटुंबं पोहोचतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१८ मध्ये इथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक झालं आहे. आत त्यांचा जीवनपट मुलांना समजेल असा मांडलाय, इमारत वातानुकूलित आहे, आणि वृद्धांना फिरणं अवघड जात नाही. सिव्हिल लाइन्स मेट्रो जवळ. दोन तास राखून ठेवा.

पायरी चौथी: वार आणि वेळ

चांगला बेत फसतो तो सहसा इथे. दिल्लीत सोमवार सांभाळायचा. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि राष्ट्रीय संग्रहालयासकट बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्हणून सोमवार मेहरौलीला किंवा कबरी-बागांना द्या. रविवारी चांदणी चौकातली बरीच दुकानं बंद असतात. हवेल्या आणि गल्ल्या पाहायला हे उलट सोयीचं, खरेदीला नाही. दरियागंजचा जुन्या पुस्तकांचा बाजार मात्र रविवारचाच. तो आता फुटपाथवर न भरता आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये भरतो. वाचणारं मूल घरात असेल तर रिकामी पिशवी घेऊन जा.

गुरुवारी दुपारनंतर फिरोजशहा कोटला. क्रिकेटच्या मैदानाला लागून असलेला हा पडका किल्ला एरवी सुना असतो, पण गुरुवारी लोक इथल्या जिनांना, म्हणजे इथे राहतात असं मानलेल्या अदृश्य शक्तींना, अर्ज द्यायला येतात. अंधाऱ्या कोनाड्यांत दिवे आणि उदबत्त्या, भिंतीला चिकटवायचा प्रयत्न केलेली नाणी, आणि हाताने लिहिलेली पत्रं: नोकरी, आजार, लग्न, कोर्टातली तारीख. काही जण एकाच अर्जाच्या झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात. ही लोकांची श्रद्धेची जागा आहे, अर्ज वाचू नका, चेहऱ्यांचे फोटो काढू नका. वरच्या मजल्यावर अशोकाचा दुसरा स्तंभ. फिरोजशहाने तो अंबाल्याजवळच्या टोपऱ्याहून आणवला: गवत-कातड्यात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून, मग यमुनेतून नावेने. त्यावरचा लेख त्याच्या दरबारात कुणालाच वाचता आला नाही. तो वाचला जेम्स प्रिन्सेपने, १८३७ मध्ये, आणि तेव्हा अशोकाचं म्हणणं शेकडो वर्षांनी पुन्हा कळू लागलं.

ऋतूचं थोडक्यात: मे महिन्याच्या सुट्टीत पारा पंचेचाळीसला टेकतो, दिवाळीनंतर हवा धुरकट होते. दम्याचं माणूस घरात असेल तर नोव्हेंबर टाळाच. फेब्रुवारी-मार्च उत्तम. मेमध्ये जावंच लागलं तर सकाळी नऊपर्यंत उघड्यावरच्या जागा, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी बाग, आणि यात बदल करू नका.

पायरी पाचवी: मुलांसाठी एक तरी विचित्र जागा

प्रत्येक दिवसात मुलांची एक जागा हवी, आणि ती घुमट-कमानींची नको. चाणक्यपुरीतल्या रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची मोनोरेल आहे, एक चाक रुळावर आणि दुसरं रस्त्यावर चालणारी. छोट्या गाडीत बसून चक्करही मारता येते. आयटीओजवळचं शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय १९६५ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी उभं केलं, देशोदेशीच्या पोशाखातल्या बाहुल्या तिथे आहेत. पालमच्या बाजूला सुलभचं शौचालय संग्रहालय आहे. नाव ऐकून मोठी माणसं नाक मुरडतात, पण मुलं तिथे प्रश्न विचारत सुटतात आणि स्वच्छतेचा इतिहास हसत-खेळत शिकतात. फ्रान्सच्या राजाच्या सिंहासनातल्या शौचकूपाची प्रतिकृती ती घरी गेल्यावरही विसरत नाहीत.

पायरी सहावी: तिकिटं, फिरणं, सांभाळणं

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खिडकीवर रोख देण्यापेक्षा क्यूआर कोडने पैसे भरले की रांग वाचते आणि दोन-पाच रुपये कमी पडतात. ओळखपत्र सगळ्यांचं सोबत असू द्या. राष्ट्रपती भवन पाहायचं असेल तर नोंदणी घरूनच, ऑनलाइन करा.

फिरायला मेट्रो, आणि स्थानकापासून पुढे ऑटो किंवा ई-रिक्षा. मुक्काम यलो किंवा व्हायलेट लाइनजवळ धरलात तर वर सांगितलेल्या बहुतेक जागा थेट लागतात. वयस्क माणसं असतील तर गाडी बदलायला राजीव चौक गर्दीच्या वेळी टाळा.

ओस अवशेषांत सूर्य मावळायच्या आत बाहेर पडा, एकटं-दुकटं आत खोलवर जाऊ नका. माकडांसमोर खाऊ काढू नका. पायात बूट, पाणी भरपूर. स्वच्छतागृह छोट्या स्मारकांत नसतं, तेव्हा मेट्रो स्थानक किंवा मोठं संग्रहालय आलं की आधी ते काम उरकून घ्या. दर्गा आणि गुरुद्वारासाठी प्रत्येकाच्या पिशवीत एक रुमाल किंवा ओढणी ठेवा.

आणि वाट विचारायला संकोच करू नका. खिडकी, मेहरौली, बेगमपूर ही आजही माणसांची गावं आहेत. "पुरानी मस्जिद किधर है" एवढं विचारलं की बहुधा एखादा मुलगा सोबत चालत येतो. शनिवार-रविवारी इंटॅकसारख्या संस्था वाटाड्यासह वारसा-फेऱ्या काढतात. जुन्या दिल्लीसाठी अशी एखादी फेरी घेणं मी पसंत करेन. गालिबची हवेली, नौघरा गल्लीतली रंगीत दारं, लाल मंदिरातलं पक्ष्यांचं रुग्णालय एकट्याने शोधताना लहान मुलं गर्दीत दमतात.

परतीच्या दिवशी काय करावं हा प्रश्न राहतोच. महाराष्ट्राकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून सुटतात. गाडी संध्याकाळची असेल तर सकाळीच सामान तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगांना कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत. मग हुमायूनच्या कबरीशेजारच्या सुंदर नर्सरीत जा. इंग्रजांनी नव्या राजधानीसाठी झाडं वाढवायला काढलेली ही रोपवाटिका. २०१८ पासून ती बाग म्हणून खुली आहे, आणि आत मोगलकालीन छोट्या कबरी दुरुस्त करून ठेवल्या आहेत. सुंदर बुर्जात शिरून छताचं नक्षीकाम बघा, मग आजी-आजोबांना सावलीत बसवा आणि मुलांना तळ्याकाठी पळू द्या. स्टेशन तिथून ऑटोने दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण मथुरा रोडची गर्दी आणि क्लोकरूमची रांग धरून गाडीच्या दीड तास आधी निघा.